पावसाळ्यातला खोकला आणि कॅज्युअल्टीतली खाट

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ते चालते. फ्लूचा मोठा हंगामही महाराष्ट्रात साधारण याच दिवसांत येतो. प्रकाशात तापी फुगलेली असते, गोमाईला पाणी आलेले असते, घरांच्या भिंती ओल्या आणि खिडक्या बंद असतात. वाचन चालू असताना दर दोन ओळींमागे कोणीतरी खोकते. पावसाळ्यातली ही साथ ओसरली की जानेवारी ते मार्चच्या सुमारास दुसरी लाट येते. दर वर्षी थोडेफार असेच चालते.

या खोकल्यामागे एकच विषाणू नसतो. इन्फ्लुएन्झा ए असतो, त्यात एच१एन१ म्हणजे लोक ज्याला अजूनही स्वाइन फ्लू म्हणतात तो, आणि एच३एन२. लहान बाळांना आरएसव्ही गाठतो. करोना आता यांच्यातच मिसळून गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ज्या एचएमपीव्हीच्या नावाने मोबाइलवर घबराट पसरली, तो विषाणू २००१ सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता. नाव कोणतेही असो, दहातल्या बहुतेकांचा आजार पाच-सात दिवसांत आपोआप जातो. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही आणि नुसत्या खोकल्या-तापाला सलाईनचाही नाही. तरीही वस्तीत येणारा बोगस डॉक्टर सलाईन लावतो, कारण सलाईन लावले की पैसे दिल्यासारखे वाटतात.

उरलेल्या थोड्यांना मात्र दम लागतो. त्यांना खाट लागते, ऑक्सिजन लागतो आणि तो काही तासांत लागतो. या दिवसांत मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत काय घडते, तिथे खाट का मिळत नाही आणि आपल्या घरातल्या माणसाला ती वेळेवर मिळावी म्हणून आपल्याला काय माहीत असायला हवे, ते या वेळी सांगतो.

आधी नावाबद्दल. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत दारावर 'अपघात विभाग' अशी पाटी असते. त्यामुळे आपल्या बायाबापड्यांना वाटते की गाडीवरून पडलेल्यांचीच ती जागा. दम लागलेल्या आजीला घेऊन लोक ओपीडीच्या केसपेपरच्या रांगेत उभे राहतात आणि रांग संपेपर्यंत आजीचे ओठ निळे पडतात. जीव धोक्यात असलेल्या कोणत्याही माणसासाठी तोच दरवाजा आहे आणि तो चोवीस तास उघडा असतो. केसपेपर नंतर निघतो.

आता गर्दीचे गणित. लोक म्हणतात, "साथ आली, पेशंट वाढले, म्हणून जागा नाही." हे अर्धेच खरे. समजा एका दवाखान्यात दम्या-न्यूमोनियाचे रोज ४ रुग्ण भरती होतात आणि प्रत्येक जण सरासरी ३ दिवस राहतो. म्हणजे कोणत्याही दिवशी त्यांच्यासाठी १२ खाटा लागतात. साथीत रोज ६ रुग्ण येऊ लागले. दीडपट वाढ, फार नाही. पण साथीतला म्हातारा माणूस लवकर बरा होत नाही, ऑक्सिजन हळूहळू कमी करावा लागतो, आणि राहण्याचे दिवस ३ वरून ५ होतात. ६ गुणिले ५, म्हणजे ३० खाटा. रुग्ण दीडपट आणि खाटा अडीचपट! वॉर्डात तेवढ्या खाटा नसतात, म्हणून वर जायचा रुग्ण खाली कॅज्युअल्टीतच अडकतो. कॅज्युअल्टीच्या चार-सहा खाटा अशा अडकलेल्यांनी भरल्या की दारात आलेल्या १०८ मधून स्ट्रेचर उतरवायलाही जागा राहत नाही. स्ट्रेचर अडकले की गाडी अडकते, आणि ती गाडी दुसऱ्या गावाला वेळेवर जात नाही.

म्हणून कॅज्युअल्टीची गर्दी खाली दिसत असली तरी तिचे मूळ बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असते. बरे झालेल्या रुग्णाची सुटी सकाळी दहाला झाली की दुपारी तीनला, यावर खालचा एक जीव अवलंबून असतो. ड्युटी केलेल्या प्रत्येक सिस्टरला हे ठाऊक आहे. त्यात सिस्टर आणि वॉर्डबॉयही त्याच विषाणूने आजारी पडतात, म्हणजे खाटा वाढवल्या तरी त्यांच्याकडे पाहणारी माणसे घटलेली असतात. आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पावसाळा म्हणजे फक्त फ्लू नसतो. सर्पदंश, जुलाब, डेंग्यू, मलेरिया आणि बाळंतपणातली गुंतागुंत याच दाराने येतात. फ्लूने भरलेल्या कॅज्युअल्टीत साप चावलेल्या शेतमजुराला उशीर होतो. त्याच्या मृत्यूच्या कागदावर फ्लूचे नाव कुठेच नसते.

अशी गर्दी महाराष्ट्राने २००९ साली पुण्यात पाहिली. त्या वर्षी ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ची महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो या साथीचा पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. साधी सर्दी असलेले, काहीच नसलेले पण घाबरलेले, आणि खरोखर आजारी असलेले, सगळे एकाच रांगेत तोंडाला रुमाल बांधून तासन्‌तास उभे. ज्याला आजार नव्हता त्यालाही तो त्या रांगेत मिळण्याची सोय झाली. शाळा आणि चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली.

याच महिन्यात केंद्र सरकारने एक साधी वर्गवारी काढली, ती आजही उपयोगाची आहे. 'अ' गटात थोडा ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी. त्यांनी घरी राहायचे, तपासणी नको, टॅमिफ्लू नको, फक्त एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. 'ब' गटात जास्त ताप आणि खूप घसा दुखणे, किंवा आजार थोडाच पण माणूस जोखमीचा: लहान मूल, गरोदर बाई, ६५ वर्षांवरचे, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. त्यांनी डॉक्टरला दाखवायचे. जोखमीच्या माणसाला टॅमिफ्लू लागते आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर चांगले काम करते. 'क' गटात धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे, थुंकीत रक्त, नखे निळी पडणे. यांनी एक मिनिटही घरी थांबायचे नाही.

'अ' गटातले दहा जण घरी राहिले तर 'क' गटातल्या एकाला जागा मिळते. पण आपल्या वस्त्यांत आम्हाला उलटेच दिसते. तरणाताठा मुलगा सर्दीसाठी मोटरसायकलवर शहाद्याला जाऊन तीन इंजेक्शने घेऊन येतो, आणि घरातली म्हातारी मात्र "मला काय झालंय, पावसाचा दमा आहे" म्हणत कोपऱ्यात तीन रात्री बसून काढते. आडवे झोपता येत नाही म्हणून बसून रात्र काढणारे माणूस हे 'क' गटातले माणूस. तिच्या म्हणण्यावर जाऊ नका.

लहान मुलांचे तर मोजूनच ठरवा. बाळ शांत असताना, रडत नसताना, छाती-पोट उघडे करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, तर तो वेगाचा श्वास समजायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे "पोट उडतंय", "डबा झाला" म्हणतात, तर सकाळची वाट पाहू नका. बाळ अंगावर पीत नाही, सारखे झोपते, फिट येते, कण्हते, हीसुद्धा तीच खूण. पोटावर डाग देणे, बिब्बा लावणे, भगताकडे दोरा बांधणे यात जे सहा तास जातात तेच सहा तास बाळाचे असतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. तरीही बाळ आजारी पडले की काही घरांत जुनी सासू जुनाच उपाय काढते, हे आम्ही पाहिले आहे आणि लिहायला संकोच नाही.

एक गोष्ट आपल्या समाजाने खास लक्षात ठेवावी. सिकलसेल हा आजार नंदुरबारच्या भिल्ल-पावरा बांधवांत जसा आहे तसा बौद्ध समाजातही आहे. विदर्भात जास्त, पण लग्नसंबंधांनी तो कुठेही पोचतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, खोकला आणि छातीत दुखणे एकत्र आले तर ते साधे दुखणे नव्हे. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. अशा मुलाला 'अ' गटात धरू नका. दवाखान्यात शिरताक्षणी पहिले वाक्य "याला सिकलसेल आहे" हे असू द्या आणि कार्ड हातात ठेवा. गर्दीत डॉक्टर बदलत असतात, प्रत्येकाला पुन्हा सांगा.

करोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. आकडा ९४ च्या खाली गेला तर दवाखाना, ९० च्या खाली गेला तर थेट १०८. बोट गार असेल, मेहंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. काळ्या-सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. अमेरिकेत २०२० साली काळ्या आणि गोऱ्या रुग्णांची तुलना झाली तेव्हा हे पुन्हा ठळकपणे समोर आले. यंत्र प्रकाश कातडीतून आरपार पाठवून मोजते आणि बरीच यंत्रे गोऱ्या कातडीवर जुळवलेली आहेत. म्हणून आकडा ९५ आहे पण माणूस बोलताना वाक्य पूर्ण करू शकत नाही, तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.

दवाखाना कोणता, हा पुढचा प्रश्न. प्रकाशाच्या माणसाने 'ब' गटासाठी आधी गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सरळ नंदुरबारला गेल्याने वेळ वाचत नाही. तापीचा पूल ओलांडून जायचे आणि तिथे गर्दीत मागे उभे राहायचे. केंद्रात तपासणी होते, ऑक्सिजन लावता येतो आणि गरज असेल तर रेफर चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीवर किती वाजता ऑक्सिजन किती होता आणि कोणते औषध दिले हे लिहून घ्या. पुढच्या कॅज्युअल्टीत त्या चार ओळी दहा मिनिटे वाचवतात. केंद्रात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे का, चालू आहे का, वीज गेल्यावर काय करतात, हे साथ येण्याआधी आशाताईंना बरोबर घेऊन विचारून ठेवा. 'क' गटाचा रुग्ण असेल तर पहिला फोन १०८ ला. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. फोनवर गाव, वस्ती, जवळची खूण आणि "दम लागतोय, बोलता येत नाही" एवढे स्पष्ट सांगा. भाड्याच्या जीपमध्ये ऑक्सिजन नसतो.

ऑक्सिजनचाही हिशेब सांगतो, कारण तो कळला की सिस्टर नळी कमी का करते यावरून भांडण होत नाही. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर एक सिलिंडर जेमतेम साडेअकरा तास पुरतो. असे दहा रुग्ण असतील तर दिवसाला वीसहून अधिक सिलिंडर लागतात. सिलिंडर भरणारा कारखाना दूर असेल तर रात्र रस्त्यावर नजर लावून काढावी लागते. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्यभर हेच झाले.

त्या वेळी नंदुरबारचे नाव देशभर झाले ते याच मुद्द्यावर. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर आणि भिल्ल समाजातले. पहिली लाट चालू असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभा राहिला. पुढे आणखी प्रकल्प आले. बाहेरून टँकर यायची वाट पाहावी लागणाऱ्या शहरांत लोक तडफडत असताना आपल्या, ज्याला सगळे मागास म्हणतात त्या जिल्ह्यात, शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येत होते. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. रुग्णांचा ऑक्सिजन किती लागतो ते तपासत फिरायचे, गरज उतरली की नळी कमी करायची, एवढ्याच कामासाठी तिथे 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या. ९९ दाखवणाऱ्या रुग्णाची नळी कमी केली तर शेजारच्या ८५ वाल्याला पुरते. यंत्राचे फोटो सगळ्यांनी छापले. नर्सच्या कामाचे फोटो निघत नाहीत.

आता थांबण्याबद्दल. कॅज्युअल्टीत आलेल्या क्रमाने पाहत नाहीत, गंभीर आधी पाहतात. कुठे कुठे लाल, पिवळी, हिरवी पट्टी बांधतात. आपल्यानंतर आलेला माणूस आत गेला तर तो वशिल्याचा असेलच असे नाही. त्याचा श्वास अडकलेला असू शकतो. यावरून सिस्टरशी भांडू नका. पण आधी तपासून मग थांबवणे वेगळे आणि न तपासताच "तिकडे बसा" म्हणणे वेगळे. एका मोठ्या दवाखान्यात, साथीच्या आठवड्यात, आमच्यासोबत आलेल्या वस्तीतल्या एका आजीला दीड तास बाकावर बसवून ठेवले होते. कोणी हात लावला नव्हता. साडी मळकी, सोबत शिकलेले कोणी नाही असे समजून. आम्ही एवढेच म्हटले, "ऑक्सिजन मोजा आणि कागदावर लिहा." आकडा ८४ आला. मग पाच मिनिटांत खाट सापडली. म्हणून दारातच तीन गोष्टी मागा: ऑक्सिजन, नाडी आणि रक्तदाब मोजून केसपेपरवर वेळेसह लिहिणे. आवाज चढवायची गरज नाही. लिहिलेला आकडा बोलतो.

आणि "खाट नाही" हे उत्तर पुरेसे नाही. १९९२ साली बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. तो शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. ती संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्या माणसाला भरपाई द्यायला लावली. खाट नसेल तर निदान तपासणे, ऑक्सिजन लावणे, जीव स्थिर करणे आणि जिथे जागा आहे तिथे फोन करून मगच पाठवणे, एवढे मागायचा आपला हक्क आहे. खासगी दवाखान्यालाही जीव वाचवण्याचे पहिले उपचार नाकारता येत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत.

हा हक्क नव्हता तेव्हा काय व्हायचे याचा आकडा आहे. १९१८च्या फ्लूच्या साथीत मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची जातवार नोंद ठेवली होती. युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू, इतर हिंदूंत १८.९, आणि ज्यांना 'खालच्या जातीचे' म्हणून नोंदवले त्यांच्यात ६१.६. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब त्याच शहरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विषाणू जात विचारत नाही. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, चुलीचा धूर कुठून जातो आणि डॉक्टर किती अंतरावर आहे, हे जातीने ठरवून ठेवलेले होते.

या वर्षावासासाठी विहार समित्यांना काही कामे सुचवतो. ग्रंथवाचनाच्या वेळी खिडक्या-दारे उघडी ठेवा, पाऊस आत येत असेल तर एका बाजूची तरी. खोकणाऱ्याने मागे, दाराजवळ बसावे आणि मास्क किंवा रुमाल लावावा. त्यात अपमान काही नाही. तापात वाचायला येऊ नये, ग्रंथ कुठे जात नाही. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले-पुसले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. ती वाचाल त्या संध्याकाळी वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, गरोदर सुनांची आणि सिकलसेल असलेल्या मुलांची यादी करा. यादीतल्या प्रत्येक घरामागे एक तरुण ठरवा. तो साथीच्या दिवसांत रोज एकदा जाईल, ऑक्सिमीटर लावेल आणि वहीत आकडा लिहील. यंत्र वर्गणीतून एकच घेतले तरी पुरे, घरोघरी फिरवता येते, फक्त दर वेळी पुसून. फ्लूची लस गरोदर बायांना आणि जोखमीच्या माणसांना सरकारी दवाखान्यात मिळते का, ते पाऊस पडण्याआधीच विचारा. बाळांना न्यूमोनियाची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत फुकट आहे. ज्यांची राहिली त्यांची नावे आशाताईंना द्या. ऊसतोडीला किंवा गुजरातला जाणाऱ्या कुटुंबांची आधी द्या, कारण दिवाळीनंतर ती गावात सापडणार नाहीत.

आणि विहाराच्या भिंतीवर, पंचशीलेच्या फलकाशेजारी, मोठ्या अक्षरांत श्वासांचे तीन आकडे लिहून ठेवा: ६०, ५०, ४०. खाली १०८.